कोरड्या हवेतील सिगार

सिगारची चव बिघडते ती बहुधा पेटवण्याच्या आधीच, आणि ग्वाल्हेरसारख्या गावात तर ती बिघडायला फार दिवसही लागत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो, दुपारी लू सुटते, हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि अशा हवेत उघड्यावर राहिलेला क्युबाचा उत्तमातला उत्तम हवाना सिगार काही दिवसांतच बोटांखाली कुरकुरू लागतो. मग त्याचे वरचे पान तडकते, तो नको तितक्या वेगाने जळतो आणि तोंडात उरतो तो केवळ गरम, तिखट धूर. महागड्या सिगारमध्ये काय एवढे असते, असे विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी असाच वाळलेला सिगार ओढलेला असतो, अशी माझी समजूत आहे. सिगार ओढावा की ओढू नये हा प्रश्न वेगळा. त्याविषयीचे माझे मत पुढे येईल, आणि ते सिगारच्या बाजूचे नाही.

पानात ओलावा किती आहे यावर त्याचे जळणे अवलंबून असते. तो जास्त झाला तर पाने फुगतात, धूर ओढताना गाल आत जातात, निखारा वारंवार विझतो आणि चवीत एक आंबूसपणा येतो. तो कमी झाला तर जळण्याचा वेग व उष्णता दोन्ही वाढतात, आणि ज्या तेलांमुळे पानाला सुगंध असतो ती निखारा जवळ येण्याआधीच उडून जातात. सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत आणि 18 ते 21 अंश तापमानात ठेवावा, असा सर्वमान्य संकेत आहे. मी स्वतः आर्द्रता 65 च्या किंचित खालीच ठेवतो, कारण त्यामुळे जळणे एकसारखे राहते असे मला वाटते. तापमानाचे पथ्य मात्र केवळ चवीसाठी नाही. पारा चोवीस-पंचवीस अंशांच्या वर राहिला, तर पानात दडून आलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात, त्यांतून निघालेल्या अळ्या सिगार आतून पोखरतात आणि वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी नेमकी गोल भोके दिसू लागतात. क्युबातून बाहेर पाठवण्याआधी सिगार गोठवून घेतात ते याच कीटकाच्या भीतीने.

माझा पुतण्या परदेशी नोकरीला आहे. तो येताना निकाराग्वाच्या सिगारची एक पेटी घेऊन आला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : “काका, इथल्या उन्हाळ्यात हे फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील ना?”

“अरे, फ्रिजमधली हवा थंड असते तशीच कोरडीही असते,” मी म्हणालो, “आणि शेजारच्या भांड्यात तुझ्या काकूची लसणाची चटणी असते. आठवड्याने तू सिगार ओढणार की चटणी?”

हे थट्टेने म्हटले असले तरी गोष्ट खरी आहे. तंबाखूचे पान शेजारचा वास फार लवकर धरते, आणि एकदा धरलेला वास सहसा सोडत नाही.

ग्वाल्हेरच्या घरांत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कूलर. एप्रिल उजाडला की खिडकीला कूलर लागतो, आणि तो चालू असताना खोलीतला आर्द्रतामापक साठ-सत्तरच्या घरात जातो. तो आकडा पाहून सिगारप्रेमी माणूस खूश होतो, पण संध्याकाळी टाकीतले पाणी संपले किंवा वीज गेली की तोच काटा तासाभरात निम्म्यावर येतो. ही चढउतार सततच्या कोरडेपणापेक्षाही वाईट, असे मी म्हणेन, कारण सिगारमधील बाहेरचे पातळ पान आणि आतली जाड पाने सारख्या वेगाने फुगत वा आक्रसत नाहीत, आणि त्या ओढाताणीत बाहेरचे पान उकलते. म्हणून सुंदर लाकडी पेटीचा मोह आवरून मी रबरी कडेचा, हवा न शिरणारा साधा प्लास्टिकचा डबा वापरतो. त्यात तळाशी स्पॅनिश सीडरच्या पट्ट्या असतात आणि एका कोपऱ्यात आर्द्रता राखणारे ते तयार पाकीट, जे गरजेप्रमाणे बाष्प सोडते आणि शोषूनही घेते. डबा राहतो घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीतल्या कपाटात. ही लाकडी पेटीच पाहिजे अशी ज्यांची हौस असेल त्यांना एवढेच सांगतो, की अशा पेट्यांना लागणारे स्पॅनिश सीडर हे झाड आपल्या तून वृक्षाचे सख्खे भावंड आणि कडुनिंबाच्याच कुळातले आहे. त्याच्या मंद, किंचित गोडसर वासाचा सिगारला त्रास होत नाही, हीच त्याची मुख्य योग्यता.

आर्द्रतामापकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाजारातली छोटी यंत्रे पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. त्यांची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या एका झाकणात साधे मीठ घ्यावे आणि त्यावर पाण्याचे इतकेच थेंब टाकावेत, की मीठ ओल्या रेतीसारखे व्हावे पण विरघळू नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर शेजारी शेजारी ठेवावे. ओल्या मिठावरच्या बंदिस्त हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. सकाळी मापक 71 दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे. 78 दाखवत असेल तर तीन वजा करायचे. इतकी स्वस्त आणि खात्रीची चाचणी असताना लोक महागडा मापक घेऊन निश्चिंत होतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

एवढी जपणूक ज्या वस्तूची करायची ती बनते कशी, हे थोडे पाहू. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये तंबाखूशिवाय काहीही नसते. तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी चिकटवायला लागणारा वनस्पतिजन्य डिंक तेवढा अपवाद. आत लांबच्या लांब पाने घडी घालून भरलेली असतात, त्यांना एक मजबूत पान बांधून धरते, आणि त्यावर सर्वांत देखणे, पातळ व तेलकट पान गुंडाळलेले असते. आतली पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून येतात. तळाजवळच्या व्होलादो पानांमुळे सिगार नीट जळतो, मधल्या सेको पानांत सुगंध असतो, आणि शेंड्याकडच्या लिहेरो पानांना ऊन सर्वांत जास्त मिळाल्याने ती जाड, तेलकट व कडक होतात. लिहेरो सावकाश जळते, म्हणून कारागीर ते नेमके मध्यभागी ठेवतो. ते कडेला सरकले तर सिगार एका बाजूने जळत जातो. तोडलेली पाने आधी कोठारात टांगून काही आठवडे नुसत्या हवेवर वाळवतात, आणि मग त्यांचे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता निर्माण होते, ती मर्यादेपलीकडे जाऊ लागली की ढीग उलथून पुन्हा रचतात, आणि या आंबण्यात पानातला अमोनिया, काही निकोटीन व कच्चा कडवटपणा निघून जातो. गडद, जवळजवळ काळ्या मादुरो पानाची आंबवणी अधिक काळ चालते. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो भागाची लाल माती, निकाराग्वातील एस्तेलीजवळची ज्वालामुखीची काळी माती, अमेरिकेतील कनेटिकटमध्ये कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवलेले फिकट पान, यांच्या चवींत फरक पडतो तो असा. हवानाच्या कारखान्यांत तर 1865 पासून एक सुरेख प्रथा आहे : सिगार वळणाऱ्या कामगारांना दिवसभर एक माणूस मोठ्याने वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो, आणि त्याचा पगार पूर्वी कामगारच वर्गणी काढून देत.

सिगारचा आकार म्हणजे त्याची लांबी आणि जाडी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे 50 जाडीचा सिगार पाऊण इंचाहून थोडा जाड असतो. रोबुस्तो हा पाच इंच लांब व 50 जाडीचा आकार हल्ली सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तो पाऊण ते एक तास चालतो. माझा कल मात्र 42 जाडीच्या जुन्या कोरोना आकाराकडे आहे. त्यात वरच्या पानाचे प्रमाण आतल्या भरणीच्या मानाने अधिक असते, आणि वरच्या पानाची चव मला अधिक प्रिय आहे. साठ जाडीचे अगडबंब सिगार ही आजची फॅशन आहे. ते तोंडात धरताना माणूस शोभत नाही, आणि चवीतही काही विशेष भर पडत नाही.

ओढण्याचा ग्वाल्हेरमधला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने. पावसाळ्याची चिकचिक संपलेली असते, लू दूर असते, आणि डिसेंबरअखेरचे धुके अजून उतरलेले नसते. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी वारा पडला की मी बसतो. वारा पडलेला असणे आवश्यक आहे, कारण वाऱ्यात निखाऱ्याला भाता लागतो आणि तुम्ही एकही झुरका न घेता सिगार तापत राहतो.

आधी सिगार हातात घेऊन त्याला अंगठा व तर्जनीने टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबून पाहावे. तो सर्वत्र सारखा लवचीक लागला पाहिजे; कुठे पोकळ लागला तर तेथे तो घाईने जळेल, कुठे गाठ लागली तर तेथे धूर अडेल. नंतर टोपी कापायची. तोंडाकडच्या टोकावर पानाचा एक छोटा गोल तुकडा चिकटवलेला असतो, आणि निरखून पाहिले तर त्याच्या कडेची बारीक रेघ दिसते. गोलाई संपून सिगारचे सरळ अंग जेथे सुरू होते त्याच्या वरच, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच, पाते चालवायचे. रेघेच्या खाली पाते गेले की वरचे पान उलगडायला लागते आणि मग ते शेवटपर्यंत ओठांशी झुंजत राहते. आमच्या एका स्नेह्यांनी सुपारीच्या अडकित्त्याने टोपी उडवून दाखवली होती. अडकित्ता त्यांच्या आजोबांचा, पितळी, मोराच्या आकाराचा, आणि पाहायला फारच सुंदर; पण त्याला पाते एकच असल्याने तो सिगार आधी चेपतो आणि मग कापतो, तेव्हा सुपारीसाठीच ठेवलेला बरा. दोन्ही बाजूंनी पाते येणारा साधा कटर यासाठी पुरेसा आहे.

कापल्यानंतर न पेटवता एक-दोन झुरके घ्यावेत. या कोरड्या झुरक्यात धूर नसतो, फक्त पानांतून आलेली हवा असते, आणि तरीही तीत वाळलेल्या गवताचा, कधी मनुकांचा, कधी गोठ्याचा स्पष्ट वास असतो. गोठा म्हटल्यावर नाक मुरडू नये. चांगल्या आंबलेल्या पानाची ती खूण आहे.

पेटवताना घाई करणारे लोक अर्धी चव तेथेच घालवतात. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या इंचभर सिगारला लागतो, म्हणून गॅसचा लायटर किंवा लांब लाकडी काडी वापरावी, आणि काडीचे डोके पूर्ण जळून गेल्यावरच ती जवळ न्यावी. ज्योत सिगारला टेकवायची नाही. सिगार तिच्या वर थोड्या अंतरावर तिरका धरून सावकाश फिरवत राहायचे. आधी कडेचे वर्तुळ काळे पडते, मग त्यावर लाल रेघ उमटते, आणि ती रेघ आत आत सरकत मधल्या जाड पानापर्यंत जाते. पेटलेल्या टोकावर हलकी फुंकर घातली की सगळे वर्तुळ एकसारखे लाल झाले की नाही ते कळते. जेथे काळे राहिले असेल तेवढ्याच भागावर पुन्हा ज्योत दाखवायची. यानंतरच पहिला झुरका.

धूर छातीत घ्यायचा नाही. तो तोंडात भरायचा, क्षणभर जिभेवर फिरू द्यायचा आणि सोडायचा. मिनिटाला साधारण एक झुरका पुरतो. गप्पांच्या भरात दोन मिनिटे गेली तरी बिघडत नाही, पण लागोपाठ तीन-चार झुरके घेतले की निखारा तापतो, पानातील साखर व तेले करपतात, आणि जो कडवटपणा मग तोंडात येतो त्याला लोक सिगारचा कडकपणा समजतात. टोकाला जमलेली राख झटकण्याचीही गरज नसते. लांब पानांच्या सिगारची राख एक इंचापर्यंत सहज टिकते, निखाऱ्यावर तिचे आवरण असते म्हणून तो शांत जळतो, आणि ती पडायला आली की राखदाणीच्या कडेवर नुसते टेकवले तरी सुटून पडते. राख जितकी लांब तितका सिगार उत्तम, असे मानून ती मिरवणारे लोकही असतात. त्यांच्या शर्टांना भोके पडलेली मी पाहिली आहेत.

आता चव. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरसासारखी उमामी एवढ्याच चवी कळतात; बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो सारा वास असतो, आणि तो घशाच्या मागच्या बाजूने नाकात पोहोचतो. म्हणून जाणकार लोक तोंडातला बहुतेक धूर सोडून देतात आणि उरलेला थोडासा नाकावाटे बाहेर काढतात. सुरुवातीला डोळ्यांत पाणी येते, शिंकही येते, पण एकदा ते साधले की सिगार दुसरीच वस्तू वाटू लागतो. तोंडाला जो केवळ ‘तिखट’ लागत होता त्यात नाकाला काळी मिरी वेगळी, जायफळ वेगळे आणि भाजलेले लाकूड वेगळे कळते. हे नाकाचे अंग ज्याने सोडले त्याने सिगारचा मोठा भाग सोडला, असे माझे ठाम मत आहे.

पेटीवर किंवा जाहिरातींत चवींची जी वर्णने छापलेली असतात ती मी वाचत नाही. त्यांत घोड्याचे खोगीर, ओक आणि मॅपलचा पाक असतो. मी यांपैकी खोगीर तेवढे हुंगले आहे. माझ्या वहीत मी माझ्या घरातले वास लिहितो. एस्तेलीच्या त्या रोबुस्तोची नोंद अशी आहे : सिगारचे तीन भाग कल्पिले तर पहिल्या भागात फोडणीत पडलेल्या मिरीचा झणका, नाकात अधिक, जिभेवर कमी, ओठांना किंचित मीठ. दुसऱ्या भागात मिरी मागे सरते आणि मंद आचेवर भाजलेल्या खसखशीचा वास, मग साय, मग न गोडावलेला कोको. येथे धूर दाट, जवळजवळ चावता येईल असा. तिसऱ्या भागात करपलेल्या साखरेचा कडू-गोडपणा आणि पावसाआधीच्या मातीचा वास, पण बोटांना ऊब लागू लागल्यावर हे दोन्ही नाहीसे होऊन केवळ उष्णता उरली, तेव्हा ठेवून दिला. निखारा पुढे सरकतो तसतसे धुरातील डांबर आणि निकोटीन मागच्या पानांत साठत जाते, म्हणून शेवटचा भाग सर्वांत कडक असतो. कोवळ्या, पुरेसा न मुरलेल्या सिगारमध्ये तेथे अमोनियाचा भपकाराही येतो. असा सिगार वर्षभर डब्यात ठेवला तर बहुधा सुधारतो.

पोट भरलेले असताना सिगार ओढावा, हे मात्र कटाक्षाने पाळावे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना हे चांगले ठाऊक होते. जयविलास महालातील जेवणघरात लांबलचक टेबलावर जी चांदीची आगगाडी आहे, ती पाहायला देशभरातून लोक येतात. आगगाड्यांचे विलक्षण वेड असलेल्या माधवराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती इंग्लंडहून करवून आणली. तिच्या डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत आणि डब्यांत काचेची सुरेख पात्रे आहेत. जेवण आटोपले की ती पाहुण्यांसमोरून ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरे. कोणी पात्र उचलले की गाडी थांबे, आणि ते जागेवर ठेवले की पुढे निघे. संग्रहालयात येणारे लोक या युक्तीवर खूश होतात आणि झुंबरांकडे वळतात. माझे लक्ष मात्र दर वेळी याकडे जाते, की सिगार जेवणाच्या आधी नव्हे, नंतर आला, आणि घ्यावा की न घ्यावा हे ठरवायला पाहुण्याला गाडी समोर येईपर्यंतचा अवकाश मिळाला. रिकाम्या पोटी कडक सिगार ओढला तर निकोटीनमुळे घाम फुटतो, मळमळते, डोके गरगरते. तशी लक्षणे दिसताच सिगार ठेवून द्यावा आणि काहीतरी गोड खावे, असे जुने लोक सांगतात. नया बाजारातल्या बहादुराचे लाडू घरात असले तर मी तेवढ्यासाठी गरगरण्याची वाट पाहत नाही.

सोबत काय प्यावे यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ब्रँडी, रम, व्हिस्की यांची बाजू मी ऐकून घेतो. पण मद्याने जीभ बधिर होते आणि मग सिगारच्या मधल्या भागातले नाजूक वास हाताला लागत नाहीत. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मला सर्वांत योग्य वाटते. आले घातलेला आपला दाट चहा त्या कामाचा नाही, कारण आल्यापुढे मिरीची काही चालत नाही. दोन झुरक्यांमध्ये साधे पाणी प्यावे, तेही गार नको.

विकत घेण्याबाबत थोडक्यात. हवानाच्या पेटीवर क्युबा सरकारचे हमीचे चिन्ह असते, त्याचा कायदा 1912 सालचा आहे. आणि भारतात रीतसर आयात झालेल्या पेटीच्या मुख्य दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग चित्रमय आरोग्यसूचनेने व्यापलेला असतो. ज्या पेटीवर ती सूचना नाही, किंवा जिचे झाकण काचेचे आहे आणि किंमत चमत्कारिक कमी आहे, ती खाली ठेवावी. दिल्लीत एका दुकानदाराने मला भर उन्हाळ्यात काचेच्या कपाटातून, विजेच्या दिव्याखालून काढून ‘अगदी ताजे’ सिगार दाखवले, आणि मी एक कानाजवळ धरून दाबला तेव्हा त्याचा आवाज त्यालाही ऐकू गेला. तरी भाव कमी झाला नाही.

आता आरोग्याविषयी, कारण हे लिहिले नाही तर वरचे सर्व लिहिणे अप्रामाणिक ठरेल. “आम्ही धूर गिळत नाही, तेव्हा आम्हाला काही होत नाही,” हे वाक्य सिगार ओढणाऱ्यांच्या बैठकीत हमखास ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. हवेवर वाळवून आंबवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. छातीपर्यंत जाण्याची त्याला आवश्यकता नसते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका संपूर्ण पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो, रोज ओढणाऱ्याचा तर फारच. आंध्रच्या किनारपट्टीवर काही बायका चुट्टा नावाचा गावठी चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात, आणि त्यांच्यात टाळूच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण वैद्यकात नोंदले गेले आहे. तंबाखूवर वैद्याचा आक्षेप ही गोष्टही नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने विजापूरहून तंबाखू आणून अकबरापुढे ठेवला, तेव्हा बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि दरबारी हकिमाने तेथेच विरोध केला. (हा असद बेग अबुल फजलच्या पदरी होता, आणि अबुल फजलची कबर आमच्या ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे आहे.) पुढे 1617 मध्ये जहांगिराने बंदीचे फर्मान काढले, ते कोणी फारसे पाळले नाही. आपल्या काळात मध्य प्रदेशाने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, आणि पानाच्या टपऱ्यांवर त्याचे काय झाले ते सर्वांना दिसते. ज्याने कधी तंबाखू घेतला नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये. मी वर्षातून मोजक्या वेळा ओढतो, घरातल्या माणसांपासून दूर उघड्या गच्चीवर ओढतो, आणि त्यामुळे धोका कमी झाला असला तरी नाहीसा झालेला नाही हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. भारत हा तंबाखू पिकवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे, पण त्यातला बराचसा भाग सिगारेटसाठी भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया जातीचा आणि विडीच्या तंबाखूचा आहे. सिगारची भरणी तमिळनाडूत दिंडीगुल-वेदसंदूर भागात पिकते, वरचे पान उत्तर बंगालात दिनहाटाकडे. म्हणजे एका सिगारसाठी लागणारा माल देशाच्या दोन टोकांना आहे. त्रिचीचे चिरूट एकेकाळी इंग्रज अधिकारी मायदेशी मागवून घेत, आणि मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा दिंडीगुलला मोठा कारखाना होता. आज दिंडीगुलकडचा चिरूट काही रुपयांत मिळतो आणि तो ओढणाऱ्याकडे मेजवानीतले लोक जरा तुच्छतेने पाहतात. मी तो मागवला, आल्यावर महिनाभर त्याच डब्यात मुरू दिला, आणि मग ओढला. वरचे पान खरखरीत, शिरा उघड, वळण ओबडधोबड. जळणे मात्र सरळ. पहिल्या भागात चिंचेचा आंबटपणा आणि मोहरीचा उग्रपणा, नाकावाटे सोडवत नाही इतका कडक. मध्यानंतर तो निवळतो आणि सुक्या नारळाची एक स्वच्छ चव येते, जी मला कोणत्याही हवानात मिळालेली नाही. पाने आणखी काही महिने आंबवली असती, तर पहिल्या भागातला तो उग्रपणा उतरला असता, असे माझे अनुमान आहे. पुतण्याला मी त्यातले दोन बांधून दिले आहेत, आणि एस्तेलीचा एक त्याच्या शेजारी ओढून पाहायला सांगितले आहे.